गॅस गिझर: ओळखायचा कसा, वय काढायचं कसं, बसवायचा कुठे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

भाड्याच्या घरात भिंतीवर एक पांढरा डबा आहे. तो गॅसचा की विजेचा?

खालून बघा. विजेच्या गिझरला पाण्याच्या दोनच नळ्या असतात आणि एक जाड वायर. गॅस गिझरला तीन नळ्या असतात: थंड पाणी आत, गरम पाणी बाहेर आणि गॅस. गॅसच्या जोडाशेजारी बहुधा सेलचा छोटा डबा असतो. त्यात टॉर्चचे दोन मोठे सेल बसतात, म्हणजे डी साईजचे, प्रत्येकी दीड व्होल्टचे. समोर ज्योत दिसावी म्हणून छोटी खिडकी असते आणि डोक्यावर धूर जाण्यासाठी खाचा किंवा गोल गळा असतो. नळ उघडल्यावर टक-टक-टक असा आवाज आला तर शंकाच नको.

आयएसआय शिक्क्यावरून काय कळतं?

शिक्क्याच्या वर मानकाचा क्रमांक असतो. एलपीजीवर चालणाऱ्या घरगुती छोट्या गिझरसाठी तो आयएस १५५५८ आहे. आयएस २०८२ दिसला तर तो विजेच्या साठवणुकीच्या गिझरचा आणि आयएस ८९७८ हा विजेच्या इन्स्टंट गिझरचा. शिक्क्याखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकला की कोणत्या उत्पादकाचा परवाना आहे आणि तो चालू आहे की नाही ते कळतं. डब्यावर नाव एकाचं आणि अ‍ॅपमध्ये परवाना दुसऱ्याच वस्तूचा निघाला, तर तो गिझर दुकानातच राहू द्यावा. नुसता शिक्का छापलेला आहे आणि वर-खाली आकडे नाहीत, तर तो शिक्का शोभेचा समजा.

एलपीजीचा की पाइप गॅसचा, हे कसं ओळखायचं?

लेबलवर गॅसचा प्रकार आणि दाब लिहिलेला असतो. एलपीजीसाठी दाब साधारण ३० मिलिबार (काही लेबलांवर २.८ किंवा ३ किलोपास्कल), पाइप गॅससाठी २० ते २१ मिलिबार किंवा २ किलोपास्कल. लेबल गेलं असेल तर बर्नरच्या मागची जेटची (गॅस ज्या बारीक तोंडातून सुटतो त्यांची) पट्टी बघावी लागते. एलपीजीच्या जेटचं भोक बारीक असतं, पाइप गॅसचं त्याहून मोठं. पण नुसत्या नजरेने खात्री होत नाही. हे काम मेकॅनिकचं.

ही अदलाबदल किरकोळ नाही. एलपीजीचा गिझर पाइप गॅसला जोडला तर ज्योत मरतुकडी राहते आणि पाणी कोमटच येतं. उलटं केलं, म्हणजे पाइप गॅसचा गिझर सिलिंडरला लावला, तर मोठ्या भोकातून गरजेपेक्षा खूप जास्त गॅस येतो. ज्योत पिवळी होऊन कॉइलला (पाणी ज्यातून जाता जाता तापतं त्या तांब्याच्या नळीला) चाटते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साईड भरपूर तयार होतो. पहिल्या चुकीत आंघोळ बिघडते, दुसऱ्या चुकीत जीव जाऊ शकतो.

लेबलवर ‘जेएसडी १२-६’ असं काहीतरी आहे. ते काय?

ती चिनी पद्धतीची खूण आहे. आयात केलेल्या किंवा आयात सुटे भाग जोडून बनवलेल्या गिझरवर ती दिसते. जेएस म्हणजे घरगुती गॅस वॉटर हीटर. पुढचं अक्षर धूर कसा बाहेर जातो ते सांगतं: डी असेल तर धुराच्या नळीतून आपोआप, क्यू असेल तर पंख्याने ढकलून, जी असेल तर हवा आणि धूर दोन्ही बंद नळीतून. १२ म्हणजे किलोवॅट, ६ म्हणजे मिनिटाला लिटर. झेड अक्षर असेल तर तो धूर थेट खोलीत सोडणारा प्रकार. चीनने आंघोळीसाठीच्या अशा गिझरची विक्री २००० साली बंद केली. आपल्याकडे त्याच धर्तीचे, डोक्यावर नुसत्या खाचा असलेले डबे अजून सर्रास बाथरूममध्ये टांगलेले दिसतात.

‘६ लिटर’ म्हणजे सहा लिटर पाणी मावतं का?

नाही. आत साठा नसतोच. तांब्याच्या कॉइलमधून पाणी जाता जाता तापतं. सहा लिटर म्हणजे मिनिटाला सहा लिटर पाणी साधारण २५ अंशांनी तापवण्याची ताकद. नाशिकला जानेवारीत टाकीतलं पाणी सकाळी १५ अंशांवर असेल, तर पूर्ण धारेने ४० अंशांचं पाणी मिळेल. मुंबईत तेच पाणी २५ अंशांवरून सुरू होतं, म्हणून तोच गिझर तिथे ५० दाखवतो. धार निम्मी केली की तापमानातली वाढ जवळपास दुप्पट होते. एका बाथरूमला ६ लिटर पुरतो. दोन नळ एकाच वेळी चालवायचे असतील तर ७ लिटरही अपुरा पडेल.

बिल नाही, कार्ड नाही. गिझर किती जुना आहे हे कसं काढायचं?

आधी लेबल शोधा. ते उजव्या कुशीवर, तळाला किंवा समोरचं झाकण काढल्यावर आतल्या बाजूला असतं. उत्पादनाचा महिना-वर्ष सरळ छापलेला असेल तर काम संपलं. नसेल तर अनुक्रमांक वाचा. बऱ्याच उत्पादकांच्या क्रमांकात पहिले चार आकडे वर्ष आणि महिन्याचे असतात, पण सगळ्यांच्या नाही. त्यामुळे एवढ्या एका आकड्यावर निकाल देऊ नका.

लेबल पुसलं असेल तर आतले भाग बोलतात. गॅस बंद करून, सेल काढून झाकण उघडा. सेलच्या डब्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या बटणाच्या आतल्या अंगाला नखाएवढं वर्तुळ उठवलेलं असतं. कडेने १ ते १२ आकडे, मध्ये बाण आणि बाणाच्या दोन बाजूंना वर्षाचे दोन आकडे. बाण ८ कडे आणि मध्ये १८ असेल, तर तो भाग ऑगस्ट २०१८ मध्ये साच्यातून निघाला. ठिणगीच्या सर्किटवर ‘१८३४’ असा चार आकडी छाप दिसला तर तो बहुधा २०१८ सालचा ३४वा आठवडा असतो. आतल्या मूळ भागांपैकी सर्वांत अलीकडची जी तारीख निघेल, त्यानंतर गिझर जोडला गेला एवढं पक्कं. नंतर बदललेला भाग मात्र धरू नका. तो आजूबाजूच्या भागांपेक्षा स्वच्छ दिसतो आणि त्याचे स्क्रू खरवडलेले असतात.

बिल सापडलं पण तारीख उडालेली असेल तर कराकडे बघा. जीएसटी लावलेलं बिल १ जुलै २०१७ नंतरचं, व्हॅटचं त्याआधीचं. गॅसच्या नळीवर छापलेल्या तारखेवरून गिझरचं वय काढायला जाऊ नका. नळी मध्येच बदललेली असू शकते.

मग किती वर्षांनी गिझर बदलावा?

क्षार नसलेल्या पाण्यावर चांगला गिझर आठ-दहा वर्षं चालतो. बोअरच्या पाण्यावर पाच-सहा वर्षांत कॉइल दगा देते. वयापेक्षा ही लक्षणं महत्त्वाची: कॉइलच्या पातळ पट्ट्या काजळीने बुजल्यात, बर्नर गंजून भोकं वेडीवाकडी झालीत, कॉइलला एकदा झाळ देऊन झालीये आणि पुन्हा पाझर आहे. यातली दोन लक्षणं एकत्र दिसली तर दुरुस्तीवर पैसा घालू नका.

बाथरूममध्येच लावला तर काय बिघडतं? सगळेच लावतात.

या पानावरचा हा एकच प्रश्न वाचला तरी चालेल.

पाच बाय सात फुटांचं आणि साडेआठ फूट उंचीचं बाथरूम घ्या. त्यात साधारण ८.४ घनमीटर हवा असते. ६ लिटरचा गिझर पूर्ण ज्योतीवर तासाला जवळपास १ किलो एलपीजी जाळतो आणि एक किलो एलपीजी जळायला साधारण १२ घनमीटर हवा लागते. म्हणजे दहा मिनिटांत दोन घनमीटर हवेतला प्राणवायू संपतो. दार-खिडकी बंद असेल तर खोलीतल्या प्राणवायूचा जवळपास चौथा हिस्सा गेला. पण तिथवर थांबायचीही गरज नसते. प्राणवायू २१ टक्क्यांवरून १८-१९ वर आला की ज्योत अर्धवट जळू लागते आणि कार्बन मोनॉक्साईड सोडू लागते. हिशेबाने ही वेळ पाचव्या मिनिटाच्या आसपास येते, म्हणजे डोक्याला शाम्पू लावलेला असतानाच.

या वायूला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, पायातली ताकद जाते आणि कडी उघडायला हात पोचत नाही. ‘गॅसचा वास आला असता तर कळलं असतं’ हा गैरसमज आहे. एलपीजीत मुद्दाम वास घातलेला असतो, पण तो जळण्याआधीच्या गॅसला. जळून झालेल्या विषारी वायूला वास नसतो.

म्हणून उत्तर सरळ आहे: गिझर बाहेर, गरम पाण्याची नळी आत. शेजारच्यांकडे पंधरा वर्षं काही झालं नाही, याचं कारण बहुतेक वेळा त्यांच्या बाथरूमच्या दाराखालची फट किंवा खिडकीची तुटलेली काच असते. कधीतरी ती दुरुस्त होते, किंवा थंडी म्हणून खिडकीला पुठ्ठा लागतो.

पण आमच्या गिझरमध्ये प्राणवायू कमी झाला तर बंद होणारा सेन्सर आहे. तरीही?

तरीही. तो सेन्सर म्हणजे शेवटची कडी, आत लावण्याचा परवाना नव्हे. त्यावर काजळी किंवा धूळ बसते आणि जुना झाला की त्याची हालचाल उशिरा होते. बऱ्याच गिझरमध्ये सलग २० मिनिटांनी ज्योत बंद करणारा टायमरही असतो. वरचा पाच मिनिटांचा हिशेब बघितला की त्याची मर्यादा कळते. शिवाय एकामागून एक तिघांनी आंघोळ केली की टायमर दर वेळी नव्याने सुरू होतो, खोलीतली हवा मात्र तीच असते.

ड्राय बाल्कनीत लावतो. ती चालेल ना?

उघडी असेल तर उत्तम जागा. पण शहरातल्या बऱ्याच ड्राय बाल्कन्यांना आता सरकत्या काचा लागल्यात. काचा बंद केल्या की ती बाल्कनी राहत नाही, स्वयंपाकघराला जोडलेली खोली होते. तिथे एक पट्टा कायमचा उघडा ठेवा: काच काढून जाळी किंवा लूव्हर बसवा, एक वर छताजवळ आणि एक खाली. ‘गिझर लावताना काच उघडू’ यावर विसंबू नका, पहाटे पाच वाजता ती कोणी उघडत नाही.

इमारतीच्या बंद डक्टमध्ये धूर सोडू नका. त्याच डक्टमध्ये वरच्या मजल्यांच्या बाथरूमच्या खिडक्या उघडतात.

कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाची झड आत येते. गिझरच्या वर पत्र्याची पडवी करा, पण बाजू मोकळ्या ठेवा. दिसायला बरं म्हणून त्याच्याभोवती लाकडी कपाट करून घेणारेही आहेत. त्यात हवा अडते आणि लाकूड तापतं.

गिझर इतका लांब लावला तर पाणी थंड नाही का होणार?

अर्धा इंची सीपीव्हीसी नळीच्या एका मीटरमध्ये साधारण १२० मिलिलिटर पाणी मावतं. सहा मीटर लांबी धरली तर पाऊण लिटरच्या आत. मिनिटाला सहा लिटरच्या धारेत सात-आठ सेकंदांत ते निघून जातं आणि पुढे गरम पाणी सुरू होतं. वाटेत तापमान एक-दोन अंश उतरेल. नळी उघड्यावर असेल तर त्यावर फोमची नळी चढवा, उन्हापासूनही बचाव होतो.

गरम बाजूला साधी पीव्हीसी नळी कधीही नको. ती ६० अंशांच्या आसपास मऊ पडते, जोड लोंबतात आणि एक दिवस आंघोळीच्या मधोमध सुटतात.

वरच्या मजल्यावर राहतो. टाकी अगदी डोक्यावर आहे. गिझर चालेल का?

पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा (डायफ्राम) सरकतो, तो मायक्रोस्विच दाबतो आणि मग ठिणगी पडते. यासाठी साधारण ०.२५ बार दाब लागतो, म्हणजे गिझरपासून टाकीतल्या पाण्याची पातळी अडीच मीटर तरी वर हवी. शेवटच्या मजल्यावर नेमका इथेच घोटाळा होतो.

विकत घेण्याआधी बादलीने तपासा. जिथे गिझर लागणार त्याच ओळीवरच्या नळाखाली २० लिटरची बादली ठेवा. सहा मिनिटांच्या आत भरली तर गिझर पेटेल. आठ-नऊ मिनिटं लागली तर प्रेशर पंपाशिवाय नाद सोडा. ही चाचणी टाकी अर्धी रिकामी असताना करा. भरलेल्या टाकीवर सगळेच गिझर पास होतात.

सिलिंडर, रेग्युलेटर, नळी यांचे नियम काय?

सिलिंडर उभा, सपाट जागी, उघड्यावर. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत पसरून खड्ड्यात, मोरीत, जिन्याखाली साचतो. म्हणून तळघरात किंवा खोलगट जागी सिलिंडर नको आणि बाथरूममध्ये तर नाहीच.

रेग्युलेटर घरगुती कमी दाबाचाच, ३० मिलिबारचा. हॉटेलच्या भट्टीचा फिरवायच्या बटणाचा जास्त दाबाचा रेग्युलेटर लावला की ज्योत खिडकीबाहेर येते. नळी तारेचं अस्तर असलेली केशरी ‘सुरक्षा’ नळी घ्या, दीड मीटरपेक्षा लांब नको आणि पाच वर्षांनी बदलायची. भिंतीला भोक पाडून रबरी नळी त्यातून नेऊ नका. भिंतीच्या आत ती घासली, कुरतडली गेली तरी दिसत नाही. भिंत ओलांडायची असेल तर तांब्याची किंवा जीआयची लाइन.

शेगडीच्या नळीला मध्येच टी लावून गिझर काढणं हा सगळ्यात रूढ आणि सगळ्यात वाईट जुगाड आहे. रबरावरचा तो जोड कधी ना कधी ढिला पडतो. शिवाय शेगडी आणि गिझर एकत्र चालू असताना गॅस दोघांनाही पुरत नाही. स्वतंत्र सिलिंडर किंवा दोन कॉक असलेली पक्की लाइन, दोन्ही आपल्या गॅस वितरकाला विचारून.

पाइप गॅस आहे. मीटर पुरेल का?

मुंबईत महानगर गॅस, पुण्यात महाराष्ट्र नॅचरल गॅस. कोणाचीही जोडणी असली तरी मीटरवर जास्तीत जास्त प्रवाहाचा आकडा असतो, घरगुती मीटरवर बहुधा ताशी २.५ घनमीटर. ६ लिटरचा गिझर सव्वा घनमीटरच्या आसपास घेतो. शेगडीसकट भागतं. मात्र मीटरपुढे नवी लाइन काढायचं काम गॅस कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या, प्लंबरकडून नाही.

बसवताना कामाचा क्रम काय असावा?

फिटर आला की जागा तुम्ही दाखवा. त्याला नळाजवळची जागा सोपी वाटते, म्हणून तो बाथरूमकडे वळतो.

ज्योतीची खिडकी डोळ्यांच्या उंचीला यावी, म्हणजे जमिनीपासून साधारण पाच फूट. दोन्ही बाजूंना किमान सहा इंच मोकळे, वर दोन फूट, खाली स्विचबोर्ड किंवा वॉशिंग मशिन नको. गिझर पाच-सहा किलोचाच असतो. विटेच्या भिंतीत ८ मिलिमीटरच्या भोकात प्लग आणि दोन इंची स्क्रू पुरतात. पोकळ ब्लॉकच्या भिंतीला मात्र त्यासाठीचे वेगळे अँकर लागतात.

मग पाणी. थंडच्या ओळीवर अँगल कॉक लावा आणि गिझर जोडण्याआधी एक बादलीभर पाणी त्यातून सोडा. नव्या लाइनमधला सिमेंटचा आणि सोल्युशनचा कचरा आधीच बाहेर पडू दे, नाहीतर पहिल्याच दिवशी जाळी बुजते. इनलेटची जाळी जागेवर आहे ना बघा. ‘पाणी कमी येतं’ म्हणून ती काढून फेकणारे फिटर आहेत. विणीच्या नळीच्या टोकाला रबरी वॉशर असतो, तिथे टेफलॉन टेप लागत नाही. टेप फक्त आट्यांवर बसणाऱ्या निपलला. थंड आणि गरम उलट जोडलं तर पाणी वाहतं पण ठिणगी कधीच पडत नाही, म्हणून डब्यावरच्या खुणा वाचून जोडा, उजवं-डावं पाठ करून नव्हे.

पाणी वाहतं करून गळती नाही हे पाहिलं की गॅस. गिझरजवळ हाताला येईल असा एक बॉल व्हॉल्व्ह हवाच. जोड आवळा, गॅस उघडा, गिझर बंदच ठेवा आणि प्रत्येक जोडावर साबणाचा दाट फेस लावा. दोन-तीन मिनिटं थांबा. बारीक गळतीचा बुडबुडा लगेच येत नाही, हळूहळू फुगतो. काडी पेटवून बघणाऱ्याला कामावरून परत पाठवा.

सेल सगळ्यात शेवटी. पहिल्यांदा नळीत हवा असते, त्यामुळे टक-टक होऊनही पेटणार नाही. दहा सेकंद बघा, नळ बंद करा, मिनिटभर थांबा, पुन्हा करा. तीन-चार वेळा लागू शकतात.

धुराची नळी कशी असावी?

गिझरच्या गळ्याइतक्याच व्यासाची, मध्ये कुठेही बारीक न होणारी. गळ्यातून निघाल्यावर आधी फूटभर तरी सरळ वर, मगच वळण. आडवी लांबी कमीत कमी आणि तोंडाला वारा-पाऊस अडवणारी टोपी. गिझर पेटवून पाच मिनिटांनी गळ्याजवळच्या खाचेशी पेटती उदबत्ती धरा (गळतीची चाचणी झाल्यावरच). धूर आत ओढला गेला तर ठीक. बाहेर ढकलला गेला तर नळी कुठेतरी अडलीये. वर चिमण्यांचं घरटं निघणं अगदी नेहमीचं.

त्याच जागेत एक्झॉस्ट फॅन असेल तर उदबत्ती फॅन लावूनही धरा. दार बंद असताना फॅन हवा कुठून तरी ओढणारच आणि सगळ्यात सोपी वाट धुराची नळी असते. मग बाहेर जाणारा धूर तो परत आत खेचतो. हवा यावी म्हणून लावलेला फॅन इथे उलटा पडतो.

नळ उघडला, टक-टक आवाजच येत नाही.

सेल बघा. टक-टक मंद आणि अंतरा-अंतराने येत होती तर तेच कारण. चार्ज होणारे सेल चालत नाहीत: ते प्रत्येकी १.२ व्होल्ट, दोन मिळून २.४ आणि गिझरला ३ हवेत. सेल नवे असतील तर डब्यातल्या पट्ट्यांवरचा हिरवा गंज सँडपेपरने घासा. त्यानंतर इनलेटची जाळी, मग शॉवरची चाळण (ती क्षाराने बुजली तरी दाब मिळत नाही). शेवटी डायफ्राम आणि मायक्रोस्विच.

पेटतो आणि पाच-दहा सेकंदांत विझतो.

बर्नरवर दोन पिना असतात. एक ठिणगीची, दुसरी ज्योत आहे की नाही हे ओळखणारी. दुसरीवर काजळी बसली किंवा ती वाकून ज्योतीबाहेर गेली, की सर्किटला वाटतं ज्योत नाही आणि ते गॅस तोडतं. बारीक पॉलिश पेपरने पुसून पिन पुन्हा ज्योतीत आणली की बहुतेक वेळा भागतं. सिलिंडर संपत आला असेल तरी हेच होतं. कडाक्याच्या थंडीत तळाला थोडाच गॅस उरलेल्या सिलिंडरात तो पुरेशा वेगाने वायुरूप होत नाही. सिलिंडर गरम पाण्यात ठेवायचा उपाय अजिबात करू नका.

पेटताना ‘भक्क’ आवाज होतो.

गॅस साचून उशिरा पेट घेतोय. जेटमध्ये कोळ्याचं जाळं, बर्नरवर धूळ किंवा ठिणगीच्या पिनेचं अंतर वाढलेलं. पावसाळ्यात तीन-चार महिने बंद राहिलेल्या गिझरमध्ये हे हमखास होतं. बर्नर काढून साफ करून घेईपर्यंत वापरू नका.

ज्योत पिवळी आहे.

निळी आणि आवाज न करता स्थिर, अशी ज्योत हवी. पिवळी टोकं म्हणजे हवा कमी किंवा गॅस जास्त. झाकणावर काळा डाग उठला असेल तर हे बरेच दिवस चाललंय. त्या दिवसापासून गिझर बंद.

नळ बंद केला तरी ज्योत जळतेच.

आधी गॅसचा बॉल व्हॉल्व्ह बंद करा, मग पुढचं वाचा. पाण्याच्या भागातली पिन क्षाराने अडकली आहे, त्यामुळे स्विच दाबलेलाच राहिला आहे. कॉइलमध्ये अडलेलं पाणी उकळायला काही सेकंद पुरतात. उष्णतेचा कटआऊट असतो, पण एकदा असं झाल्यावर त्याच्या भरवशावर आंघोळ करायची नाही. पिन, डायफ्राम आणि मायक्रोस्विच तिन्ही एकदम बदलून घ्या.

आणखी एक गोष्ट सगळ्या गिझरना लागू: नळ बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा उघडला की पहिला फटका चटका देतो, कारण कॉइलमधलं पाणी तेवढ्यात जास्त तापलेलं असतं. लहान मुलाला शॉवरखाली उभं करण्याआधी ते वाहू द्या.

बोअरचं पाणी आहे. क्षार कसे टाळायचे?

टाळता येत नाहीत, लांबवता येतात. पाणी जितकं जास्त तापवाल तितके क्षार लवकर धरतात. आपली सवय बारीक धारेने कडकडीत पाणी काढायची आणि वरून विसण घालायची. ती बंबाची सवय. बंबात साठा असायचा, इथे नाही. धार मोठी ठेवा, ज्योत कमी करा (बटण ‘समर’वर) आणि थेट अंगावर घेता येईल असंच पाणी काढा. कॉइल दुप्पट टिकली तर नवल नाही. वर्षातून एकदा कॉइल काढून लिंबूसत्वाच्या द्रावणात भिजवून धुवून घ्या. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड टाकणारा मेकॅनिक काम लवकर उरकतो, पण तांबंही खातो.

एक सिलिंडर किती दिवस पुरतो?

२० लिटरची बादली २५ अंशांनी तापवायला साधारण ५५ ग्रॅम एलपीजी लागतो. १४.२ किलोच्या सिलिंडरात अशा अडीचशेच्या वर बादल्या होतात. चौघांचं घर, रोज माणशी एक बादली, तर दोन महिने. शॉवर वापरलात तर हिशेब पार बदलतो, कारण दहा मिनिटांचा शॉवर म्हणजे तीन बादल्या. तुलनेसाठी, तीच बादली विजेवर तापवायला साधारण ०.६ युनिट लागतं.

बाथरूममध्ये कोणी बेशुद्ध पडलं तर?

दार तोडा, माणसाला ओढून मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा. आत मदतीला जाताना तुम्हीही तीच हवा घेताय, म्हणून श्वास रोखून जा आणि लगेच बाहेर या. १०८ ला फोन करा. दवाखान्यात पहिलं वाक्य हे सांगा: ‘गॅस गिझर चालू होता.’ कारण बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. तो कार्बन मोनॉक्साईड चिकटलेलं रक्तही प्राणवायूने भरलेलं समजून ९८ दाखवतो. शुद्ध आली म्हणून घरी झोपवू नका. साध्या हवेत तो वायू रक्तातून निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात, मास्कमधून पूर्ण प्राणवायू दिला तर साधारण दीड तास किंवा त्याहून कमी.

आंघोळीनंतर रोज डोकं दुखत असेल आणि सुट्टीत गावी गेल्यावर थांबत असेल, तर पित्ताची गोळी घेण्याआधी गिझर तपासा.

नुसताच गॅसचा वास येतोय.

रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या. विजेचं कुठलंही बटण चालू नाही आणि बंदही नाही, एक्झॉस्ट फॅन तर मुळीच नाही. घराबाहेर जाऊन १९०६ वर कळवा. एलपीजीच्या गळतीसाठीचा हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. पाइप गॅस असेल तर मीटरजवळचा कॉक बंद करून बिलावरच्या आपत्कालीन क्रमांकावर.

जुना गिझर भंगारात देताना काही काळजी?

कॉइल तांब्याची असते, तिला भाव येतो, म्हणून तो लगेच उचलला जातो. पण काही गिझर झाकण पुसून पुन्हा विकायला येतात. देण्याआधी सेल काढा, गॅसच्या जोडाची आटी हॅकसॉने कापा आणि समोर मार्करने ‘बाद’ लिहा.